वाढत्या अंगाचे

आमच्या पिढीतल्या कुणाचाही लहानपणचा फोटो काढून पाहावा. फोटो असलाच तर! त्यातला सदरा त्या मुलाचा नसतो. दोन वर्षांनंतरच्या त्या मुलाचा असतो. बाह्या बोटांच्या पेरांवर उतरलेल्या, चड्डीला आतून चांगली चार बोटे दुमड घातलेली, कॉलरमध्ये आणखी एक मान मावेल एवढी जागा. दिवाळीच्या आधी वडील शिंप्याकडे घेऊन जात. शिंपी गळ्यातली टेप काढून मोठ्या गांभीर्याने मापे घेई, आणि वडील त्या मापांकडे न बघताच म्हणत, “वाढत्या अंगाचं शिवा हं!” शिंपी मान डोलावी. मग ती मापे घेतलीच कशाला, हे कोडे मला आजवर सुटलेले नाही.

कपडा अंगाला नीट बसू लागे तोवर त्याचा रंग उडालेला असे. बुटांचेही तेच. टोकाशी वर्तमानपत्राचा बोळा कोंबायचा आणि पाय वाढेल तसतसा तो लहान करीत जायचे. माझ्या मापाचा सदरा मी प्रथम घातला तो शाळेत मास्तर म्हणून लागल्यावर. तेव्हा वडीलही दुकानात बरोबर नव्हते.

हे मी तक्रारीने सांगत नाही. त्या दुमडीत काटकसर होती, तसा विश्वासही होता. ज्या काळी घरोघर एखादा तरी पाळणा रिकामा होत असे, त्या काळी ‘हा वाढणार आहे’ असे गृहीत धरून कापड घेणे हा एक आशीर्वादच होता. कात्रीने दिलेला.

यंदा हा आशीर्वाद आमच्या घरी एका अकरा वर्षांच्या गुडघ्याशी येऊन अडला.

आमची नात कल्याणला असते. तिच्या पुण्याच्या मामाने तिला वाढदिवसाला स्केटबोर्ड दिला. कल्याणात त्यांच्या इमारतीखाली जेवढी मोकळी जमीन आहे तेवढ्यावर मोटारी उभ्या असतात. तेव्हा दिवाळीला किन्हवलीला येताना ती तो घेऊन येणार, हे ठरल्यासारखेच होते. एके दिवशी सूनबाईंचा फोन आला. “बाबा, तिकडे यायच्या आधी तिचं हेल्मेट, पॅड वगैरे घ्यायचंय. तुम्ही दोघं येता का? आईंना मापातलं कळतं.” सौ. गेली चाळीस वर्षे गावातल्या बायकांचे ब्लाउज आणि पोरींचे फ्रॉक शिवते आहे. माझे आमंत्रण पिशव्या धरण्यापुरते आहे, हे मी ओळखले.

किन्हवलीहून एस.टी.ने शहापूर, तिथून रिक्षाने आसनगाव आणि मग लोकल. या प्रवासात विचार करायला सवड पुष्कळ मिळते. आणि खरे सांगायचे तर माझ्या मनात नातीच्या गुडघ्याइतकेच दुसरे काहीतरी घोळत होते. ते म्हणजे माझ्या धाकट्या भावाचे मनगट.

तो नऊ वर्षांचा असताना जांभळीवरून पडला. उंची फारशी नव्हती, खाली माती होती. पण पडताना कुणीही जे करतो तेच त्याने केले. हात पुढे टाकले. उजवे मनगट सुजले, बांबूच्या कामट्या बांधल्या, लेप लावले, महिन्याभरात सूज उतरली. घरात सगळ्यांना हायसे वाटले. दोनेक वर्षांनी आईच्या लक्षात आले, की त्याच्या सदऱ्याची उजवी बाही डावीपेक्षा लांब दिसते. बाही लांब नव्हती. हात आखूड राहिला होता. पुढे एका डॉक्टरांनी आम्हांला समजावून सांगितले. मुलांच्या हाडाच्या टोकाशी कुर्चेची एक पातळ चकती असते आणि हाड वाढते ते तिथून. कोपरापासून पुढच्या हाताची बरीचशी लांबी मनगटाजवळच्या चकतीतून येते. तिला जबर इजा झाली, तर मोडलेले हाड सांधूनही वाढ अडून राहू शकते. भाऊ आता सत्तरीला आला. भात कापताना विळा डाव्या हातात धरतो, आणि शेजारच्याला लागू नये म्हणून ओळीच्या अगदी टोकाला उभा राहतो. साठ वर्षे तो टोकालाच उभा आहे.

कल्याणला पोचल्यावर स्केटबोर्डाचे दर्शन झाले. मॅपल नावाच्या झाडाच्या लाकडाचे सात पापुद्रे चिकटवून केलेली, दोन्ही टोकांना वर वळलेली फळी. खाली चार चाके, प्रत्येक चाक लाडवाएवढे. सौ.ने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारले, “याला धरायचं कुठं?”

“धरायचं नसतंच, आजी.”

“आणि थांबवायचं?”

“पायानं.”

सौ.ने फळी खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावरून ती बाजारात यायला तयार झाली ती हेल्मेट घ्यायला, की हे सारे परत करायला, ते मला कळेना.

नातीने मग आपली बाजू मांडली. हे नुसते खेळणे नाही. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम आला आणि मुलींच्या एका प्रकारात मोमिजी निशिया या तेरा वर्षांच्या जपानी मुलीने सुवर्णपदक घेतले. आपल्या पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने २०२२ साली गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत सुवर्ण मिळवले. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार या आदिवासी वस्तीच्या खेड्यात २०१५ साली स्केटिंगचा ओटा बांधला गेला. तिथे नियमच असा, की शाळा बुडवली तर फळी नाही, आणि पाळी मुलींची आधी. हा शेवटचा नियम सौ.ला फार पटला. पण माझी नात प्रामाणिक आहे. तिने पुढचेही सांगितले. ब्रिटनकडून खेळणारी स्काय ब्राउन २०२० साली सरावात उंच उतारावरून पडली. कवटीला तडे गेले, डावे मनगट मोडले. डोक्याला हेल्मेट होते. त्या वेळी ती अकरा वर्षांचीच होती. पुढच्या वर्षी तिने टोकियोला कांस्यपदक जिंकले.

“हेल्मेट असून कवटी?” सौ. म्हणाली.

“नसतं तर?” सूनबाई म्हणाल्या. यावर कुणी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारात गेलो. दुकान कुठले ते सांगण्यात अर्थ नाही; अशी दुकाने सगळीकडे सारखीच असतात. जाळीच्या पिशवीत एक संच टांगलेला. गुलाबी हेल्मेट, दोन गुडघ्यांचे, दोन कोपरांचे, दोन तळव्यांचे पॅड, सगळ्यांवर फुलपाखरे. मुलगा म्हणाला, “हे बरं दिसतंय.” पण सौ.ने पिशवी सोडायला लावली आणि एकेक नग काउंटरवर मांडला. पुढचा अर्धा तास दुकानदाराला विसरणे कठीण जाईल.

मी आग्रह धरला तो मनगटाचा. इतर सगळे त्यानंतर. चांगल्या मनगट-पॅडमध्ये तळव्याच्या बाजूला कडक प्लॅस्टिकची किंचित बाक दिलेली पट्टी असते, पुष्कळदा तशीच एक वरच्या बाजूलाही. पडताना हात टेकला, की मनगट मागे दुमडण्याआधी ती पट्टी आडवी येते, आणि तळवा जमिनीवर रुतण्याऐवजी घसरतो. फुलपाखरांच्या संचातली पट्टी सौ.ने अंगठ्याने दाबली. ती केळीच्या सोपासारखी वाकली. “हे हातमोजे झाले,” ती म्हणाली आणि बाजूला सारले.

या ‘घसरण्या’त सगळी मेख आहे. पडण्याने हाड मोडत नाही. एकदम थांबण्याने मोडते. म्हणून गुडघ्याच्या पॅडवर टणक, गुळगुळीत वाटी हवी. सिमेंटवर ती सरकते आणि पडण्याचा जोर हातभर लांबीत वाटला जातो. नुसते जाड कापड जमिनीला पकडून ठेवते. मग सगळा जोर एका जागी. वाटी चिकटवलेली आहे की शिवून, रिबिटे मारून बसवली आहे, तेही पाहावे. सौ.ने टाके मोजले. दुकानदाराला पॅडचे टाके मोजणारे गिऱ्हाईक बहुधा पहिल्यांदाच भेटले असावे.

हेल्मेटचे तत्त्व मात्र आमच्याकडच्या कुणालाही चटकन कळेल, कारण आपण आंबे पेटीत भरतो ते पेंढ्यात. पेंढा आंब्याला कवच देत नाही. धक्का बसला की तो स्वतः दबतो, आणि तेवढ्या अवधीत आंबा हळू थांबतो. हेल्मेटच्या आतला फोम म्हणजे तो पेंढा. सायकलच्या हेल्मेटात बहुधा थर्मोकोल असतो. एका मोठ्या आपटीला तो दबून जातो आणि मग ते हेल्मेट, वरून कितीही धडधाकट दिसो, टाकून द्यायचे असते. स्केटबोर्डाचे म्हणून जे बनवतात, ते मागे मानेकडे थोडे जास्त उतरते आणि बरेचदा आतून मऊ असते. वारंवारच्या लहान आपट्या सोसाव्यात म्हणून. आतल्या चिठ्ठीवर कसल्या तरी मानकाचा आकडा असतो. युरोपचा ई.एन. १०७८, किंवा अमेरिकेचा एफ १४९२. हा दुसरा खास स्केटबोर्डासाठीच्या हेल्मेटांचा. फुलपाखरांच्या हेल्मेटात चिठ्ठीच नव्हती. नुसते धुवायचे कसे ते लिहिले होते.

मुलाने मध्येच सुचवले, की त्याचे मोटरसायकलचे हेल्मेट घरी आहे, आय.एस.आय.चे आहे, मग आणखी खर्च कशाला? सूचना वाईट नव्हती, पण ते हेल्मेट रस्त्यावरच्या वेगासाठी केलेले असते. अकरा वर्षांच्या मानेवर त्याचे ओझे होते, कान झाकले जातात, आणि फळीवर तोल सांभाळायला मान मोकळी लागते.

इथे मला इरल्याची आठवण झाली. बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे ते पाठीवरचे छप्पर आता शहापूर-मुरबाडकडेही क्वचित दिसते. लावणीच्या शेतात प्लॅस्टिकचे कागद आले. पण इरल्याची घडण पाहिलेल्यांनी आठवून पाहावी. उभ्या माणसाला ते गैरसोयीचेच. ते केलेले असते वाकलेल्या माणसासाठी, दोन्ही हात चिखलात असलेल्या माणसासाठी. छत्री कितीही उत्तम असली तरी ती एक हात मागते. रक्षणाची वस्तू घ्यायची ती माणूस त्या वेळी कसा असणार, उभा की वाकलेला की पडत असलेला, हे डोळ्यांपुढे आणून. ठाण्याच्या दहीहंडीत वरच्या थरावरच्या पोराच्या कमरेला आता दोर बांधतात, तोही कुणीतरी तो पोरगा खाली येताना डोळ्यांपुढे आणला म्हणूनच.

एव्हाना काउंटरवर दुसरा संच आला होता. काळा, ओबडधोबड, एकही फुलपाखरू नसलेला. नातीचे तोंड थोडे उतरले, पण पट्टी कडक होती, वाटी टणक होती, टाके दुहेरी होते. मापाचा प्रश्न आला. दुकानदार सवयीने म्हणाला, “काका, एक नंबर मोठा घ्या. पोरगी उंच होणार. दोन वर्षं बघायला नको.”

आम्ही सगळ्यांनी मान डोलावली, आणि त्यात आश्चर्य नव्हते. दिवाळी तोंडावर, नात वाढती आणि संचाची किंमत पहिल्याच्या दुपटीहून अधिक. सौ.ने काही न बोलता पर्समधून टेप काढली. नातीच्या कपाळाभोवती, भुवयांच्या वर, माप घेतले: ५३ सेंटिमीटर. गुडघ्याभोवती घेतले: साडेबारा इंच. (डोके सेंटिमीटरमध्ये आणि गुडघा इंचात का, हे विचारण्याचे धैर्य माझ्यात नाही.) मग मोठ्या नंबराचे पॅड घालायला लावले, पट्टे ओढून आवळले आणि म्हणाली, “आता बस. ऊठ. उडी मार. आणखी एक. आता गुडघ्यावर टेक.”

तिसऱ्या उडीला उजवा पॅड खाली सरकला. गुडघे टेकले तेव्हा वाटी नडगीवर होती आणि गुडघा उघडा फरशीवर.

“हे नको,” सौ. म्हणाली.

“पट्टा अजून आवळता येईल, मावशी,” दुकानदार म्हणाला. काका कायम राहिले होते. आजींची मात्र मावशी झाली होती.

“पट्ट्यानं कापड आवळतं, घेर नाही आवळत. मी चाळीस वर्षं दुमड घालून शिवतेय. फ्रॉक सैल असला तर पोर वेडी दिसते, एवढंच. पण ही पडणार आज.”

तिच्या मापाचे पॅड आले. पुन्हा उड्या, पुन्हा गुडघे; ते जागचे हलले नाहीत. हेल्मेटचीही अशीच परीक्षा झाली. कपाळावर सपाट बसले पाहिजे, भुवईपासून वर दोन बोटे. मागे ढकललेली टोपी नव्हे. पट्टे कानांखाली जुळले पाहिजेत. हनुवटीखाली एखादे बोट जाईल एवढीच जागा. तोंड मोठ्ठे उघडले, की हेल्मेट डोक्यावर किंचित दबले पाहिजे. पट्टा न लावता मान हलवली तरी ते डुगडुगता कामा नये. केस वर बांधलेले होते ते सोडून मानेवर सैल वेणी घातली, कारण वरचा अंबाडा हेल्मेटला उचलून धरतो. सौ.ने जाता जाता बजावले, की नरकचतुर्दशीला डोक्याला तेल असेल तेव्हा फळीला हात लावायचा नाही. तेलकट डोक्यावर काही ठरत नाही. हा नियम मी कुठे वाचलेला नाही, पण तो चुकीचा वाटत नाही.

पैशांबद्दल विचाराल, तर सगळे एकदम जमत नसेल तेव्हा हेल्मेट आणि मनगट आधी, गुडघे त्याच्या मागोमाग, कोपर शेवटी, असे मी म्हणेन. आणि पायांत सपाट तळाचे, बोटे झाकणारे कॅनव्हासचे बूट. चपलांवर ही फळी चालवू देणाऱ्या पालकांशी मला बोलायचे नाही.

किन्हवलीला एक अडचण आमची वाट पाहत होती. सिमेंटचे असे आमच्या आळीत एकच लांबलचक अंगण आहे, आणि दिवाळीत त्याच्यावर भात वाळत घातलेले असते. शेवटी शेजाऱ्यांनी दुपारी चारनंतर भात गोळा करून पट्टा मोकळा करून द्यायचे कबूल केले. पण सांडलेले दाणे आणि खडे राहतातच. एवढ्याशा चाकापुढे हरभऱ्याएवढा खडा आला, की फळी जागीच अडते आणि माणूस पुढे जातो. म्हणून रोज चारला मी खराटा घेऊन ते अंगण टोकापासून टोकापर्यंत झाडले. साऱ्या संरक्षक साहित्यात खराट्याइतके स्वस्त दुसरे काही नाही, आणि ते कुणाच्याही मापाचे असते.

आळीतली सगळी पोरे ओट्यावर बसली. भाऊ कणग्याला टेकून उभा होता, नेहमीप्रमाणे टोकाला. पहिल्या दिवशी ती चौदा वेळा पडली, मी मोजले. सौ. स्वयंपाकघरात चकल्या तळत होती आणि प्रत्येक आवाजाला झारा थांबत होता. नवव्या वेळी मात्र आवाज निराळा आला. फळी मागे उडाली, पोर पुढे झेपावली, दोन्ही हात टेकले, आणि सिमेंटवरून ‘खर्र’ असा लांब आवाज झाला. झारा थांबला तो थांबलाच. मी खराटा टाकून निघालो होतो. माझ्या आधी भाऊ पोचला होता.

ती बसूनच हात झटकत होती. “काही नाही झालं, आजोबा. घसरले.”

भावाने तिच्या उजव्या हाताचा पॅड सोडवून घेतला. पट्टीवर चार-पाच पांढरे ओरखडे पडले होते, त्यातला एक चांगला खोल. त्याने त्याच्यावरून डाव्या हाताचा अंगठा फिरवला, मग तिचे मनगट हातात घेऊन हळूच या अंगाला, त्या अंगाला वळवून पाहिले. पुरते वळत होते. पॅड तिला परत देऊन तो पुन्हा जाऊन उभा राहिला. पट्टा बांधायला तिला मदत लागली ती आळीतल्याच एका पोराने केली, आणि लगेच विचारले, “मला मिळेल का गं एकदा?”

तो आठ वर्षांचा. सौ.ने त्या पोराच्या गुडघ्याचे माप घेतले. नातीचे पॅड त्याला सैल होत होते, नको म्हणाली. पोर रडवेले झाले, तर त्याच्या हातावर दोन चकल्या ठेवल्या. मग ब्लाउजांच्या मापांची जुनी वही काढली, एका कोऱ्या पानावर नातीचा गुडघा, कोपर, डोके, सगळे लिहिले, त्याखाली या पोराचेही लिहिले, आणि दोन्हींपुढे तारीख घातली. होळीला पुन्हा घ्यायचे आहे म्हणाली.